एजंटला एफएफएमपेग शिकवताना: साचा की टिपण?

आमच्याकडे गावातल्या व्याख्यानमालेची रेकॉर्डिंगं येतात. दीड-दोन तासांची फाइल. त्यातून सत्कार, प्रास्ताविक वगैरे वगळून भाषण तेवढं काढायचं, आवाज थोडा वर आणायचा, मराठी सबटायटल चढवायची. हे सगळं एफएफएमपेगवर होतं (कमांड देऊन चालवायचा व्हिडिओ-ऑडिओचा प्रोग्रॅम), आणि वर्षभर त्यातलं बरंचसं एआय एजंट करतो, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः हत्यारं वापरून करणारा एआय. त्याच्या हाती हत्यारं द्यायची तर त्यांची माहिती लिहून द्यावी लागते. त्याच्या दोन पद्धती मी वापरून पाहिल्या. तुम्ही त्याच फाट्यावर उभे असाल तर कदाचित उपयोग होईल.

पहिलीला मी साचा म्हणतो. एमसीपी सर्व्हर लिहायचा (एजंटला बाहेरची टूल जोडून देणारा प्रोग्रॅम), प्रत्येक कामाचं वेगळं टूल करायचं, त्याला नाव, दोन ओळींचं वर्णन आणि जेसन स्कीमा द्यायचा, म्हणजे टूलला कोणती माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची याचा ठरलेला आराखडा. दुसरी म्हणजे टिपण: मार्कडाऊनमधली साधी मजकुराची फाइल, त्यात वापरून पाहिलेल्या कमांड आणि त्या कधी, का वापरायच्या ते. एजंट ती वाचतो आणि टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कमांड स्वतः चालवतो.

साच्याची बाजू आधी सांगतो, कारण ती लंगडी अजिबात नाही. आउटपुटच्या नावाची फाइल आधीच असली की एफएफएमपेग ‘पुसून लिहू का?’ असं विचारतं. एजंटाला हा प्रश्न दिसला नाही की तो ताटकळत बसतो आणि आपणही. साच्यात हे एकदाच कोडमध्ये मिटवून टाकता येतं, एजंटाच्या लक्षात राहण्यावर काही अवलंबून नसतं. टाइमकोडचंही तसंच. एडिटर मंडळी शेवटी फ्रेम लिहितात, ० तास १२ मिनिटं ४० सेकंद १० फ्रेम, असं चार भागांत. एफएफएमपेगला वेळ सांगताना तो चौथा भाग चालत नाही. स्कीमा असलं काही दारातच अडवतो.

माझं बिनसलं ते ‘जलद’ या एका शब्दावर.

कापण्याच्या टूलला मी एक होय-नाहीचा पर्याय ठेवला होता आणि वर्णनात लिहिलं होतं, ‘पुन्हा एन्कोड न करता जलद कापतो’. एजंटाने दर वेळी होय निवडलं. जलद नको कोण म्हणेल? पण एन्कोड न करता, म्हणजे व्हिडिओ नव्याने न बनवता नुसती कॉपी करून, चित्र हव्या त्या फ्रेमवर कापता येत नाही. तुकडा मागच्या कीफ्रेमपासून (अख्खं चित्र साठवलेली फ्रेम; मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल असतात) सुरू होतो आणि मधला जादाचा भाग तसाच राहतो. एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोडरच्या मूळ सेटिंगमध्ये दोन कीफ्रेममधलं अंतर २५० फ्रेमपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये १० सेकंद. त्या १० सेकंदांत आमच्याकडे काय काय होतं! ‘हॅलो, हॅलो, चेक’, खुर्ची सरकवल्याचा आवाज, अध्यक्षांचा खोकला, आणि मग वक्त्याचं ‘नमस्कार’. एफएफएमपेगच्या दृष्टीने यात काहीच चुकलेलं नसतं, त्यामुळे एजंट दर वेळी काम पूर्ण झाल्याचं कळवायचा. अशी तीन भाषणं संयोजकांकडे गेली. चूक माझ्या त्या दोन ओळींची होती.

दुरुस्ती म्हणून वर्णन वाढवत गेलो. कॉपी कधी चालते, कधी नाही, कापल्यावर काय तपासायचं. दोनाच्या दहा ओळी झाल्या. मग आवाजाच्या टूललाही तेवढ्या लागल्या, सबटायटललाही. निदान माझ्या मांडणीत तरी सगळ्या टूलची सगळी वर्णनं संभाषण सुरू होतानाच एजंटाच्या डोक्यात भरली जायची, मग काम फक्त आवाज वाढवण्याचं का असेना. शिवाय मला सांगायचं होतं ते एका टूलपुरतं नव्हतंच: आधी एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबत येणारं, फाइलची माहिती दाखवणारं हत्यार) कीफ्रेम बघ, मग कापायची रीत ठरव, मग निघालेल्या फाइलची लांबी ताडून पाहा. हे साच्यात बसवणं म्हणजे रेल्वे आरक्षणाच्या फॉर्मवर प्रवासवर्णन लिहिणं.

टिपणात तेच चार वाक्यांत आलं. ‘भाषणाची सुरुवात नेमकी हवी असेल तर कॉपी करू नकोस, पुन्हा एन्कोड कर. वेळ लागेल, लागू दे. मध्यंतराआधीचा आणि नंतरचा भाग वेगळा करायचा असेल तर कॉपी चालेल, पाच-दहा सेकंद इकडेतिकडे झाले तरी हरकत नाही. दोन्ही वेळा पहिल्या सेकंदाची फ्रेम काढून मला दाखव.’ हे लिहिल्यापासून खोकला आलेला नाही. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे एवढंच आहे.

टिपणाची जोखीमही खरी आहे. एजंटाच्या हाती अख्खं टर्मिनल असतं. मी मूळ रेकॉर्डिंगच्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगीच काढून टाकली आहे, आणि तुम्हीही आधी तेच करा. स्टुडिओत चार जण एकच एजंट वापरणार असतील तर साचा बरा, हे मी मान्य करतो. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरसाठीही मी साच्याकडेच झुकेन. त्याच्या स्क्रिप्टिंगमध्ये, म्हणजे कोडने ते चालवण्याच्या सोयीत, मी वापरलेल्या आवृत्तीत तरी, टाइमलाइनवरची क्लिप मधोमध कापायची थेट आज्ञा नाही. सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम देऊन हवा तो तुकडा टाइमलाइनला जोडावा लागतो. अशा ठिकाणी एजंट नसलेली फंक्शनं मनाने रचतो. मोजकीच टूल समोर ठेवली की त्याला तेवढी मोकळीक राहत नाही.

पण आमच्यासारखा एकटा माणूस, एफएफएमपेग आणि आठवड्याला दोन-तीन फाइली, एवढाच पसारा असेल तर मी टिपणच लिहीन. ते दुरुस्त करायला सर्व्हर पुन्हा चालू करावा लागत नाही, हेही आहेच. ‘मराठी अक्षरं ड्रॉटेक्स्टने लिहू नकोस, सबटायटल फिल्टर वापर’ अशी एक ओळ त्यात होती, कारण ड्रॉटेक्स्टमध्ये, म्हणजे एफएफएमपेगच्या चित्रावर मजकूर लिहिणाऱ्या फिल्टरमध्ये, जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जायची. एफएफएमपेगच्या आवृत्ती ६.१ पासून ड्रॉटेक्स्ट हार्फबझ (अक्षरं नीट जुळवून मांडणारी लायब्ररी) वापरू लागलं, तेव्हा मी ती ओळ खोडली. मग आठवलं की जुन्या लॅपटॉपवर अजून आधीचीच आवृत्ती आहे. ओळ परत लिहिली, पुढे जोडलं: ‘आधी आवृत्ती बघ.’