पेद्रूचे कागद: पोपटाच्या सरकारी नोंदणीला साडेतीन तारे

सरकारी कामाला तारे द्यायची सोय असती तर ह्या नोंदणीला मी पाचपैकी साडेतीन दिले असते. त्यातले दोन एकट्या वनरक्षकाचे. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाला वेगळा हिशेब लावायचा तर एकच तारा, आणि तोही तिथल्या पोराने भर पावसात मला स्टँडपर्यंत छत्री दिली म्हणून.

मी एकतीस वर्षं कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये, कंडक्टर होतो. तिकिटाशिवाय माणूस गाडीत बसला तर मला लांबून कळायचं. त्यामुळे माझ्याच घरात बिनतिकिटाचा प्रवासी येऊन बसला तेव्हा झोप उडाली. त्याचं नाव पेद्रू. आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट: अंगाने राखाडी, शेपटी कुंकवासारखी लाल, वजन साडेचारशे ग्रॅम, आणि वय सव्वीस, म्हणजे माझ्या धाकट्या मुलीएवढं.

तो शेजारच्या आंटीचा. आंटीचा नवरा तारवटी होता. बोटीवरून सुट्टीला येताना मुंबईत उतरला आणि १९९८ साली तिथल्या बाजारातून हे पिल्लू घेऊन आला. पुढे तो गेला, २०२३च्या पावसात आंटीही गेली. मुलगा इंग्लंडात, स्विंडनला. आमच्या बार्देशातली अर्धी पोरं तिथेच आहेत. २०२४च्या सांजावाच्या, म्हणजे जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी तो घराला कुलूप लावून पिंजरा घेऊन आमच्या व्हरांड्यात आला. "काका, दोन महिने ठेवा," म्हणाला. दोन महिने म्हणजे कायम, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

पेद्रूचा आवाज ही एक वेगळीच भानगड आहे. पहाटे साडेपाचला तो पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजवतो, अगदी सायकलवरच्या रबरी भोंग्यासारखा. पहिल्या आठवड्यात समोरच्या वाड्यातल्या दोन बायका पिशव्या घेऊन फाटकापर्यंत आल्या. आणि दुपारी आंटीच्या आवाजात हाक: "मारिया, गो मारिया, पाव घे गो!" मारिया ही त्यांची कामवाली, तीही आता नाही. माझ्या बायकोला सुरुवातीला हे ऐकून रडू यायचं. आता ती आतूनच "घेतला गो" म्हणून उत्तर देते.

आता कागद. जाताना आंटीच्या मुलाने बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा दिला. आत सुया, बटणं, आणि तळाशी घडी घातलेला एक प्रिंट. २०२०च्या जूनमध्ये केंद्र सरकारने विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना सवलत दिली होती: सहा महिन्यांत आपणहून जाहीर करा, कुठून आणला त्याचे कागद मागणार नाही. लॉकडाउनमध्ये घरी अडकलेल्या ह्या मुलाने रिकामपणात ते भरून टाकलं होतं. माझ्या अख्ख्या कहाणीत सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, आणि ते मी केलेलं नाही.

कारण मध्यंतरी कायदा बदलला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात विदेशी प्राण्यांचा फारसा विचारच नव्हता. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ला लागू झाली आणि वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स नावाच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या जाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. मग २८ फेब्रुवारी २०२४ला नियम निघाले: असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने सहा महिन्यांच्या आत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. शेवटचा दिवस होता २८ ऑगस्ट २०२४. नवा प्राणी आला तर तीस दिवस. पिल्लं झाली, मालक बदलला, प्राणी मेला, तरी कळवायचं. नोंद करणारे राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक, म्हणजे वनखातं.

हे मला मागाहून समजलं. सुरुवातीला मी गेलो पंचायतीत, कारण आमच्या गावात कुठलीही अडचण आली की पहिला सल्ला एकच: "पंचायतीचा दाखला घे." घर बांधायला दाखला, विहिरीला दाखला, लग्नाच्या मंडपाला दाखला, मग पोपटाला का नको? सचिवांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आमी घराक नंबर दितात, किराक न्हय." म्हणजे घराला नंबर देतो, पोपटाला नाही. बाकावर चहा पीत बसलेले पंच हसले. पण त्यांनी माझा वेळ खाल्ला नाही. वनखात्याकडे जा, असं स्पष्ट सांगितलं, म्हणून पंचायतीवर माझा राग नाही. तुमच्याकडे असा प्राणी असेल तर ही फेरी वाचवा.

कुठले प्राणी ह्यात येतात ते नीट समजून घ्या, कारण गोंधळ इथेच आहे. आफ्रिकन ग्रे साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे. २०१६ला जोहान्सबर्गच्या परिषदेत ठरलं आणि जानेवारी २०१७पासून लागू झालं, म्हणजे जंगलातून पकडलेल्या पक्ष्याचा व्यापार बंद. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत पिंजऱ्यांसाठी इतके पकडले की कित्येक रानं ओस पडली. सन कन्युअर, निळा-पिवळा मकाव, बॉल पायथन, हिरवा इग्वाना हे दुसऱ्या परिशिष्टात. त्यांचीही नोंद लागते. बजी, कॉकटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड ह्यांना मात्र लागत नाही. आमच्या भाचीचा बजींचा पिंजरा बघून तिच्या सासऱ्यांनी उगाच धसका घेतला होता.

आणि आपला हिरवा कीर, गळ्यात गुलाबी कंठी असलेला, जो माझ्या आजीच्या ओसरीवर पितळी पिंजऱ्यात बसून विठ्ठल विठ्ठल म्हणायचा? तो पाळताच येत नाही. कुठलीही नोंदणी नाही, कुठलंही शुल्क नाही, साफ मनाई. चांदण्या कासवाचंही तेच. बायको म्हणाली, आफ्रिकेतला चालतो आणि आमच्या आंब्यावरचा चालत नाही, हा कसला न्याय. मी म्हटलं, आंब्यावरचा आंब्यावरच राहावा म्हणूनच की.

खाणं आणायला मी एका पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो होतो. नाव लिहीत नाही. तिथे काचेच्या पेटीत दोन इग्वाने आणि पिंजऱ्यात चार सन कन्युअर होते. मी सहज विचारलं, कागद मिळतील ना? मालक म्हणाला, "ते नंतर बघू." अहो, नंतर कसलं बघू? दुकानाचं बिल, आधीच्या मालकाचा नोंदणी क्रमांक, हे विकत घेतानाच हातात हवं. एकतीस वर्षांत "तिकीट पुढच्या स्टॉपला काढतो" म्हणणारे मी हजार बघितलेत. ते सगळे मागच्या दाराने उतरतात.

आता ते एका ताऱ्याचं दुकान. म्हापशात, पहिल्या मजल्यावर. झेरॉक्स, आधार, पॅन, परदेशी नोकरीचे अर्ज, सगळं एकाच टेबलावर. मला संगणक जमत नाही, मुलगी फोंड्याला असते, म्हणून गेलो. पहिल्या दिवशी वीज नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुन्या स्कॅनरने २०२०चा प्रिंट असा काळा केला की क्रमांकातला ३ आहे की ८ हे देवालाच ठाऊक. तिसऱ्या खेपेला पोराने यादीतून जात निवडली आणि मी चष्मा लावून पडद्यावर बघतो तर सिटॅकस टिमनेह. अरे, तो वेगळा पक्षी! टिमनेहची शेपटी काळपट तांबडी, चोच फिकट. आपला सिटॅकस एरिथॅकस. पोरगा म्हणतो, "काका, ग्रे ते ग्रे, काय फरक पडतो?" वनरक्षक घरी येऊन लाल शेपटी बघेल तेव्हा पडेल. त्यात तीनशे रुपये घेतले, आणि न विचारता २०२०चा मूळ कागद लॅमिनेट करून वर चाळीस लावले.

जमत असेल तर फॉर्म घरीच भरा, इतका अवघड नाही. मालकाचा पत्ता, ओळखपत्र, प्राण्याची जात, वय, नर की मादी, ओळखखूण, कुठून आला, आणि फोटो. मालक बदलला म्हणून आंटीच्या मुलाकडून साध्या भाषेत लिहून सही घेतली होती, तेही जोडलं. नर की मादी इथे थांबलो. ह्या जातीत बाहेरून बघून कळत नाही, रक्ताची किंवा पिसाची तपासणी करावी लागते. केली. पेद्रू मादी निघाली. सव्वीस वर्षं तारवट्याच्या घरात बाप्या म्हणून वावरली. नाव बदलायला बायको तयार नाही, आणि नव्या नावाला पेद्रूही ओ देणार नाही, तेव्हा कागदावर लिंग मादी आणि हाकेला पेद्रू.

ओळखखुणेसाठी पायात बंद कडी लागते, जी पिल्लू काही दिवसांचं असतानाच सरकवतात. पेद्रूच्या पायात काही नव्हतं. म्हणून पणजीला एका पशुवैद्यांकडे मायक्रोचिप बसवली: तांदळाच्या दाण्याएवढी, छातीच्या डाव्या बाजूच्या स्नायूत. डॉक्टरीणबाईंना माझे पाचपैकी पाच. टॉवेलात गुंडाळण्याआधी त्या दहा मिनिटं नुसत्या पिंजऱ्याशेजारी बसून राहिल्या. मग मला सुनावलं: नुसती सूर्यफुलाची बी घालू नका, ह्या जातीला कॅल्शियम कमी पडतं आणि फिट येते. आवाकाडो नको, चॉकलेट नको. आणि नॉनस्टिक तवा स्वयंपाकघरात असेल तर तापून त्याचा धूर झाला की पक्षी मिनिटांत जातो. घरी आल्यावर बायकोने तवा कामवालीला दिला आणि बिडाचा बाहेर काढला. घावन त्यावरच बरं होतं, हे ती पहिल्यापासून सांगत होतीच.

अर्ज गेला ५ ऑगस्टला. आठवड्याने पिंजऱ्याचा फोटो मागणारा शेरा आला, तो मुलीने फोंड्याहून टाकला. त्यानंतर एका सकाळी वनरक्षक मोटारसायकलवरून भिजत आला. तिशीतला मुलगा, सत्तरी तालुक्यातला. मला वाटलं होतं, कागदावर शिक्का मारून जाईल. त्याने टेप काढून पिंजरा मोजला, पेद्रूला पूर्ण पंख पसरता येतात का ते बघितलं, पाण्याची वाटी हुंगली, छातीवरची पिसं उपटलेली आहेत का ते वाकून पाहिलं. एकटे पडले की हे पक्षी आपलीच पिसं उपटतात, म्हणाला. चिप वाचायचं यंत्र फिरवलं, आकडे जुळले. तेवढ्यात पेद्रूने भोंगा वाजवला आणि तो सवयीने रस्त्याकडे वळला. हसू आवरेना त्याला.

चहा घेताना त्याने माझं वय विचारलं. त्रेसष्ट. पक्ष्याचं? सव्वीस. चांगलं सांभाळलं तर पन्नास वर्षांच्या पुढेही जातात हे, म्हणाला आणि कप खाली ठेवला. "काका, तुमचे उपरांत ह्या सुकण्याक कोण पळयतलो?" तुमच्यामागे ह्या पक्ष्याला कोण बघणार?

हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही. माझे दीड तारे कापले गेले ते त्यासाठीच. चिपचा पंधरा आकडी क्रमांक विचारतात, पिनकोड विचारतात, पण मालकापेक्षा जास्त जगणाऱ्या जनावराच्या पुढच्या मालकाचं नाव टाकायला एक रकाना नाही. बँकेत पाच हजार ठेवले तरी वारसाचं नाव घेतात. मला त्याला उत्तर देता आलं नाही. मी त्याला आणखी एक बिस्कीट दिलं.

प्रमाणपत्र चवथीच्या चार दिवस आधी ऑनलाइन आलं. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधताना पेद्रूचा पिंजरा खालून हलवायला विसरलो, आणि आरतीपर्यंत तिने एक तोरिंजन आणि अर्धी सुपारीची शिपटी खाली उतरवली होती. मुलगी-जावई आले होते. जेवणं झाल्यावर मी विषय काढला. मुलगी सरळ नाही म्हणाली, तिचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, शेजारी रात्रपाळीवाले, पहाटेचा भोंगा कोण ऐकून घेणार. जावई मोबाइल बघत राहिले. नातू नऊ वर्षांचा, तो म्हणाला, मी घेतो. अठराचा झालास की तुझ्या नावावर करू, मी म्हटलं, फॉर्म आपणच भरायचा, म्हापशाच्या त्या दुकानात जायचं नाही. पोर्टलचा पासवर्ड लिहून त्याला दाखवून ठेवलाय. निळ्या डब्यात, बटणांच्या खाली.