न उघडलेल्या हबच्या दुरुस्तीचे पैसे मी कसे मोजले

माझ्या सायकलच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हा तीन गिअरांचा जुना हब आहे, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा आणि गिअर पोटातच असलेला बंद डबा. या हबची रचना १९३० च्या दशकातली असली तरी ती इतकी दणकट आहे की वेळच्या वेळी तेलाचे थेंब सोडले तर वर्षानुवर्षे तो उघडावा लागत नाही. एके दिवशी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावताच पॅडल अचानक रिकामे फिरले आणि मी पडता पडता वाचले. पुढच्या आठवड्यात हे चार-पाच वेळा झाले, तेव्हा मी सायकल दुरुस्तीला नेली.

दुकानदाराने चाक उचलून फिरवले, हबजवळ कान नेला आणि आतले दाते झिजल्याचे सांगितले. केबलला त्याने हातही लावला नाही. ही गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवी होती, पण बंद डब्यात काय बिघडले आहे हे सांगणाऱ्या माणसाशी आपण वाद घालत नाही. काही दिवसांनी सायकल परत मिळाली, सोबत ‘काढलेले जुने भाग’ म्हणून एक तेलकट पिशवी मिळाली आणि सुट्या भागांसह मजुरीचे भलेमोठे बिल मिळाले. सायकल उत्तम चालत होती, त्यामुळे पैसे देताना मी आभारही मानले.

तिसऱ्या महिन्यात पॅडल पुन्हा निसटू लागले. या वेळी त्याने हब पूर्ण गेला आहे असे सांगून नवे चाक घेण्याचा आग्रह धरला आणि निकामी झालेला हब आपण ठेवून घेऊ, त्याबद्दल थोडी सूटही देऊ, असे म्हणाला. निकामी वस्तूची एवढी ओढ का, हे कोडे मनात घेऊन मी सायकल तशीच घरी आणली आणि मागचे चाक काढून पहिल्यांदाच नीट पाहिले.

या हबच्या उजव्या बाजूला छर्रे धरणारी एक आटेदार कडी असते. आतला संच बाहेर काढायचा तर ती सैल करावी लागते, आणि ती इतकी घट्ट बसलेली असते की तिच्या खाचेत पंच धरून हातोडीने ठोकावेच लागते. ठोकले की खाचेच्या कडेला चकचकीत धातू उघडा पडतो. माझ्या हबवर कडी आणि कवच यांच्या सांध्यावर जुना, वाळलेला, काळा चिखल अखंड बसलेला होता आणि खाचांमध्ये तर तो गच्च भरला होता. तो हब कोणी उघडलेलाच नव्हता.

मग पिशवी उघडली. तिच्यात तीन छोटी दातेरी चाके होती आणि प्रत्येकाला चौदा दाते होते. एडब्ल्यूमध्ये मधल्या स्थिर चाकाला २०, त्याभोवती फिरणाऱ्या चार चाकांना प्रत्येकी २० आणि बाहेरच्या कड्याला ६० दाते असतात. २० भागिले ६० म्हणजे एक तृतीयांश, म्हणूनच तिसऱ्या गिअरमध्ये वेग मूळच्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट होतो. चौदा दात्यांचे चाक या हिशेबात बसूच शकत नाही. ते भाग कोणत्या हबचे होते देव जाणे.

दुसऱ्या एका कारागिराने माझ्यासमोर हब उघडला. आत चिकट झालेले जुने तेल होते, चारही चाके शाबूत होती, खिट्ट्या आणि त्यांच्या स्प्रिंगा जागेवर होत्या. खरा दोष बाहेर होता: केबलचे आवरण फ्रेमवर ज्या पट्टीत अडकते ती पट्टी हळूहळू घसरत होती आणि केबल ढिली पडत होती. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक अशी जागा असते की जिथे कोणताच गिअर धरत नाही; केबल किंचित ढिली असली की गिअर बदलायचा खटका दोनवर असूनही आतला क्लच, म्हणजे गिअर धरणारा सरकता भाग, नेमका तिथे जाऊन बसतो. पहिल्या दुकानदाराने केबल ताणली असणार आणि बिल मात्र दात्यांचे लावले असणार.

हे तपासायला कोणाचीही गरज नाही. खटका दोनवर ठेवावा आणि उजव्या नटाच्या छिद्रातून पाहावे. गिअरची केबल ज्या छोट्या साखळीने हबमध्ये शिरते, तिला जोडलेल्या सळईचा खांदा अ‍ॅक्सलच्या टोकाशी अगदी समपातळीत दिसला पाहिजे. तसा नसेल तर त्या छोट्या साखळीवरचा आटेदार नळीसारखा भाग फिरवून तो जुळवावा आणि त्याचे लॉकनट आवळावे. दात्यांविषयीच शंका असेल तर पॅडलची चेन उतरवून स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे मागचे दातेरी चाक, हाताने फिरवावे: तिसऱ्या गिअरमध्ये त्याच्या तीन फेऱ्यांत चाकाच्या चार आणि पहिल्यात चार फेऱ्यांत चाकाच्या तीन फेऱ्या व्हाव्यात. शिमानोच्या आठ गिअरांच्या नेक्सस हबमध्ये खटका चारवर ठेवून दोन पिवळ्या रेषा एका ओळीत येतात का तेवढे पाहायचे असते. रोहलॉफच्या चौदा गिअरांच्या हबला ५००० किलोमीटरनंतर किंवा वर्षातून एकदा तेल बदलणे पुरते. दरवर्षी ‘आतून पूर्ण दुरुस्ती’ सुचवणाऱ्याला कारण विचारावे.

हब दुकानात सोडावाच लागला तर आधी सांध्याचे आणि खाचांचे छायाचित्र घ्यावे, आणि जुन्या हबच्या कवचावर ठोकलेले निर्मितीचे आकडे असतील तर तेही टिपून ठेवावेत. नाहीतर चांगला हब ठेवून घेऊन दुसराच परत मिळायचा.

छायाचित्रे आणि ती पिशवी घेऊन मी पहिल्या दुकानात गेले. चुकून दुसऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी दिली गेली, असे तो म्हणाला, मग माझे भाग कुठे आहेत याचे उत्तर त्याला सुचले नाही. सुट्या भागांचे पैसे त्याने परत केले. मजुरी मात्र ‘काम केले आहे’ म्हणून दिली नाही. केबल ताणल्याची मजुरी म्हणून ती फारच मोठी होती.