ट्रकचे फॉग लाईट: तीन जोड्या लावल्या, एक ठेवली

दोन हिवाळ्यांत माझ्या ट्रकच्या पुढच्या बंपरला फॉग लाईटच्या तीन जोड्या लागल्या. त्यातली तिसरी आजही आहे आणि काढायचा विचार नाही. पण ही जोडी चांगली निघाली याचं निम्मं श्रेय दिव्याचं आणि निम्मं त्याच्या सेटिंगचं आहे. बहुतेक लोक दिवा निवडायला आठवडा घालवतात आणि सेटिंग पाच मिनिटांत उरकतात, म्हणून दोन्हीबद्दल सविस्तर लिहितो.

पहिली जोडी घेताना मी दुकानदाराला विचारलं, उजेड किती लांब जातो? त्यानं बरोबर त्याच प्रश्नाला साजेसा माल दिला. चौकोनी एलईडी दिवे, आत ओळीनं चिप, खोक्यावर लुमेनचा (एकूण उजेड मोजायचं माप) भलामोठा आकडा. कोरड्या रात्री लावून पाहिले तर रस्ता दिवसासारखा उजळला. मी खूश. पहिल्याच दाट धुक्यात चालू केले आणि काचेपुढे पांढरा पडदा उभा राहिला. दिवे बंद केल्यावर जास्त दिसायला लागलं, यावरून काय ते समजा.

कारण साधं आहे. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब, आणि प्रत्येक थेंब पडलेला उजेड चहूकडे उधळतो. त्यातला काही थेट आपल्या डोळ्यांकडे परत येतो. दिव्याचा उजेड वर गेला की तो आपली नजर आणि रस्ता यांच्यामधलं धुकंच उजळवतो. म्हणून खऱ्या फॉग लाईटचा झोत रुंद आणि चपटा असतो, आणि वरच्या बाजूला सुरीनं कापल्यासारखा तुटतो. त्या रेघेच्या वर जवळजवळ अंधार हवा. माझ्या चौकोनी दिव्यांना अशी रेघच नव्हती. ते मुळात काम करताना लावायचे दिवे. आता मागच्या फाळक्याजवळ लावलेत, रात्री माल उतरवताना फार उपयोगी पडतात. तिथे ते उत्तम आहेत.

दुसरी जोडी म्हणजे जोडीही नाही. गाडीला आधीपासून असलेल्या हॅलोजन फॉगमध्ये नुसता बल्ब बदलून एलईडी बसवला. हे मी कुणालाही करू नका असं सांगेन. रिफ्लेक्टरची वाटी घडवलेली असते ती हॅलोजनच्या बारीकशा तारेसाठी. ती तार ज्या बिंदूवर जळते, त्या बिंदूवरून येणारा उजेड वाटी वळवते. एलईडीची चिप त्या जागी, त्या आकाराची नसली की सगळा हिशेब बिघडतो. भिंतीवर पाडून पाहिलं तर रेघ नाही, दोन फुगलेले गोळे. समोरून येणारे अप्पर-डिपर मारायला लागले, म्हणजे हेडलाईटचा झोत वर-खाली करून इशारा द्यायला लागले. त्यांचं काही चुकत नव्हतं. आठवड्यात काढून टाकले.

तिसऱ्या वेळी मी काचेवर काय छापलंय ते वाचून दिवा घेतला. समोरच्या फॉग लाईटसाठी संयुक्त राष्ट्रांचा 19 क्रमांकाचा नियम आहे. त्याप्रमाणे मंजूर दिव्यावर वर्तुळात ‘ई’ आणि आकडा असतो, शिवाय ‘बी’ किंवा नव्या वर्गातल्या दिव्यावर ‘एफ 3’ अशी खूण असते. अमेरिकी पद्धतीच्या दिव्यावर ‘एसएई’ आणि ‘एफ’. अमेरिकी खुणेत ‘वाय’ दिसला तर तो लांब टाकायचा पूरक दिवा, धुक्यासाठी नाही. खोक्यावर फॉग लिहिलेलं असून काचेवर यातलं काहीच नसेल तर मी तो दिवा हातातही धरणार नाही.

मी घेतली ती 24 व्होल्टची हॅलोजन, 70 वॅटचा एच 3 बल्ब, खरी काच, मागे पत्र्याचं जाड घर. एलईडीचेही चांगले, मंजूर फॉग मिळतात आणि ते वीज कमी खातात. पण मला काच हवी होती, कारण प्लॅस्टिकची काच खडी उडून आणि उन्हानं धुरकट होते, आणि धुरकट काच म्हणजे पसरलेला उजेड. हॅलोजनची उष्णता काचेवरचं दव आणि ओल सुकवते, हेही माझ्या मनात होतं. प्रत्यक्षात तो फायदा मला रोज पहाटे दिसतो.

रंगाबद्दल सगळे विचारतात. पिवळा धुक्याला भेदून जातो हे मीही अनेक वर्षं मानत होतो. धुक्याचा थेंब बहुधा 10 ते 20 मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबी अर्धा मायक्रॉनच्या आसपास. थेंब इतका मोठा असला की तो निळा, पिवळा, लाल सगळ्यांना जवळपास सारखाच उधळतो. म्हणजे पिवळा काही आरपार जात नाही. फरक पडतो तो डोळ्यांना. निळसर पांढऱ्या उजेडाची तिरीप जास्त टोचते, पिवळ्याची कमी. फ्रान्समध्ये तर 1993 पर्यंत सगळ्या गाड्यांचे पुढचे दिवेच पिवळे असत. मी साध्या हॅलोजनचा उबदार पांढराच ठेवला आहे. पिवळा घेतलात तरी हरकत नाही. निळसर मात्र नको.

वायरिंगवर थोडंच लिहितो, पण ते वगळू नका. दिव्यांबरोबर आलेली वायर इतकी बारीक होती की इंजिन चालू असताना बॅटरीवर 27.6 व्होल्ट आणि दिव्याच्या टोकाशी 25 व्होल्ट दाखवत होतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार झपाट्यानं पडतो. एवढ्या घटीत पाव भागाहून जास्त उजेड वायरीतच गेला. अडीच स्क्वेअर एमएमची वायर ओढली, 24 व्होल्टचा रिले (छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) बसवला, बॅटरीजवळ 10 अँपियरचा फ्यूज टाकला, अर्थिंगसाठी चेसिसचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोल्ट घट्ट केला. आता दिव्याशी 27.2 मिळतात. दोन्ही दिवे मिळून 6 अँपियरच्या आसपास ओढतात, पण तो सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून नेऊ नका. स्विचनं फक्त रिले चालवावा.

जागा बंपरच्या खालच्या पट्टीवर, दोन्ही टोकांना. दिव्याचा मध्य माल भरलेल्या गाडीत जमिनीपासून 60 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 24 इंच. अवजड गाड्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियमात फॉग लाईटची उंची कमीत कमी 25 सेंटिमीटर आणि जास्तीत जास्त 120 सेंटिमीटर आहे. मी तरी जितकं खाली जमेल तितकं खाली लावा म्हणेन. ट्रकवाल्याला इथे निसर्गतःच फायदा आहे. आपले डोळे उंच, दिवा खाली, त्यामुळे थेंबांवरून उलटणारा उजेड नजरेच्या रेषेपासून लांब राहतो. केबिनच्या टपावर धुक्याचा दिवा लावणारा हा फायदा स्वतःच्या हातानं घालवतो.

आता सेटिंग. सपाट जमीन आणि समोर भिंत पाहिजे, दिव्यापासून भिंतीपर्यंत 25 फूट. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस. गाडी थोडी पुढेमागे करून थांबवा म्हणजे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) नीट बसतात. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूनं आडवी रेघ मारा, तिच्याखाली 4 इंचांवर दुसरी. झोताची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यायला हवी. एक दिवा पोत्यानं झाकून दुसरा लावायचा, नाहीतर कुणाची कड कुठली ते कळत नाही. दोन्ही दिवे नाकासमोर सरळ. आत वळवून एकमेकांना छेद दिलात तर रस्त्याच्या कडा अंधारात जातात, आणि धुक्यात आपण त्या कडांच्या भरवशावरच चालतो.

या 4 इंचांचा हिशेब मला फार आवडतो. दर 25 फुटाला झोत 4 इंच उतरतो, दिवा 24 इंचांवर आहे, म्हणजे सहा टप्प्यांत, 150 फुटांवर, तो जमिनीला टेकतो. सुमारे 45 मीटर. आता 50 च्या वेगानं भरलेली गाडी थांबवायला किती लागतं? दीड सेकंद आपल्याला कळायला, त्यात 21 मीटर गेले. ओल्या रस्त्यावर ब्रेकनं वेग दर सेकंदागणिक 4 मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो असं धरलं तर आणखी 24. बेरीज 45. 60 वर हीच बेरीज 60 मीटर होते. दिवा कितीही चांगला असो, दाट धुक्यात मी 40 च्या वर जात नाही, आणि धुकं 45 मीटरही दाखवत नसेल तर त्याहून खाली.

एवढं सगळं मी केलं होतं आणि तरीही पहिल्या फेरीत समोरच्यांनी डिपर मारले. मी चक्रावलो. दिवा तोच, सेटिंग भिंतीवर मोजलेलं. धाकटा भाऊ गाडीवर माझ्याबरोबर असतो, त्याच्या डोक्यात आलं. म्हणाला, "दादा, आपण सेटिंग रिकाम्या गाडीला केलं. आता माल भरलाय."

परत आल्यावर आम्ही भरलेली गाडी त्याच भिंतीसमोर उभी केली. मालानं मागची बाजू 7 सेंटिमीटर बसली होती, पुढची फक्त 2. फरक 5 सेंटिमीटर. चाकांमधलं अंतर 4.2 मीटर, म्हणजे गाडीचं नाक जेमतेम एक टक्का आणि थोडं वर उचललं गेलं. ऐकायला काहीच नाही. भिंतीवर मात्र दिव्याच्या मध्याखाली 10 सेंटिमीटर असलेली कड आता 1 सेंटिमीटरवर आली होती. पूर्ण सेटिंग मालानं खाऊन टाकलं होतं! छोट्या गाडीत बसलेल्या माणसाच्या तोंडावर आम्ही शेकडो किलोमीटर उजेड मारत गेलो याचं मला खरंच वाईट वाटलं.

तेव्हापासून सेटिंग नेहमीच्या लोडवरच करतो. त्यामुळे गाडी रिकामी असताना झोत 25 मीटरच्या आसपासच टेकतो. हे कमी आहे, मान्य. रिकाम्या फेरीत मी तेवढा हळू जातो, पण समोरच्याला आंधळा करत नाही. तुमची गाडी बहुतेक वेळ रिकामीच धावत असेल तरीही भरलेल्या गाडीची कड एकदा भिंतीवर बघाच.

या जोडीच्या तक्रारीही आहेत. सेटिंगसाठी बारीक स्क्रू नाही. खालचा एक बोल्ट सैल करून सगळा दिवाच झुकवावा लागतो, आणि घट्ट करताना तो हमखास अर्धा इंच सरकतो, म्हणून बोल्टचे दोन पाने (स्पॅनर) आणि दोन माणसं लागतात. बल्ब बदलायला काचेची पूर्ण चौकट उघडावी लागते. बदलताना बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नका, हाताचा तेलकटपणा तिथेच तापून बल्ब लवकर जातो. रबराची पट्टी नीट न बसवल्यानं एकदा आत पाणी शिरलं, ती चूक माझी होती. वर्षभरात एक बल्ब गेला, हादरे पाहता तेवढं चालतं.

कोरड्या रात्री हे दिवे मी लावत नाही. जवळचा रस्ता झगझगीत उजळला की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबचं दिसणं कमी होतं. धुक्यात मात्र डिपर आणि फॉग, अप्पर अजिबात नाही. तेव्हा समोरचा पडदा खाली सरकल्यासारखा वाटतो, रस्त्याच्या दोन्ही कडा आणि पट्टे दिसायला लागतात, आणि स्टिअरिंगवरची पकड थोडी सैल होते. पहिल्या जोडीनं हे कधीच दिलं नाही.

सेटिंग झाल्यावर भावानं ब्रॅकेट आणि बोल्टच्या डोक्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली आहे. निघण्याआधी तो टायर ठोकून बघतो तेव्हा ती रेघही बघतो. परवा डावीकडची केसभर तुटलेली दिसली. माल भरून झाल्यावर आम्ही गाडी पुन्हा भिंतीसमोर लावली.