ईमॅक्स साडेनऊ सेकंदांवरून एका सेकंदावर : अंबडच्या वर्कशॉपमधला अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे जॉब-वर्कचे छोटे युनिट आहे आणि तेथील दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या, मशीनचे प्रोग्राम मी गेली सहा वर्षे ग्नू ईमॅक्स या एडिटरमध्ये लिहीत आलो आहे. पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा वीज जाते, यूपीएसची जुनी बॅटरी पाच मिनिटांत मान टाकते आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. त्यामुळे ‘ईमॅक्स एकदा उघडा आणि बंदच करू नका’ हा जाणकारांचा नेहमीचा सल्ला आमच्या उपयोगाचा नाही. डीमन म्हणून, म्हणजे पडद्यामागे चालत राहील असे, लॉगिनबरोबरच सुरू करून पाहिले, पण त्याने ईमॅक्स उघडायला लागणारा वेळ फक्त डोळ्यांआड जातो, वीज आल्यावर ऑपरेटर दारात उभा राहून “दादा, प्रोग्राम उघडला का?” असे विचारतो, तेव्हा तो मोजावाच लागतो.

एका सुट्टीच्या दिवशी मी याच्या मुळाशी जायचे ठरवले. ‘इमॅक्स-इनिट-टाइम’ या आज्ञेने साडेनऊ सेकंद दाखवले. नंतर टर्मिनलवरून ‘-क्यू’ हा पर्याय देऊन, म्हणजे माझी कोणतीही मांडणी न वाचता, तेच ईमॅक्स उघडले, तर खिडकी जवळजवळ लगेच समोर आली. म्हणजे जुन्या हार्ड डिस्कला किंवा ईमॅक्सला बोल लावण्यात अर्थ नव्हता. सहा वर्षांत मी ‘इनिट.एल’ या मांडणीच्या फाइलमध्ये जे जे भरत गेलो होतो, ते सगळे दर वेळी वाचले जात होते.

त्यातले नेमके काय जड आहे हे शोधण्याची सोय ईमॅक्समध्येच आहे आणि या उत्पादनाचे मला सर्वांत मोठे कौतुक याच गोष्टीचे वाटते. 2023 साली आलेल्या 29व्या आवृत्तीपासून पॅकेजे, म्हणजे ईमॅक्सला जोडायच्या जादा सोयी, कशा लोड करायच्या हे ठरवणारे ‘यूज-पॅकेज’ ईमॅक्सबरोबरच मिळते. त्याचा आकडेवारी नोंदवण्याचा पर्याय इनिट फाइलच्या सुरुवातीलाच चालू केला, तर प्रत्येक पॅकेजला किती वेळ लागला याचा तक्ता नंतर मागवता येतो. माझ्या तक्त्यात सर्वांत वर जॉबच्या नोंदींसाठी वापरतो तो ऑर्ग होता आणि त्याखाली प्रोग्रामच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारा मॅगिट. दोन्ही मला दुपारनंतर लागतात, तरीही ‘रिक्वायर’ लिहून ठेवल्यामुळे ते सकाळीच पूर्ण लोड होत असत. त्याऐवजी ‘डिफर’ आणि ‘कमांड्स’ वापरले की ईमॅक्स फक्त आज्ञेचे नाव आणि तिची फाइल कोठे आहे एवढेच लक्षात ठेवते आणि ती आज्ञा पहिल्यांदा दिली जाईल तेव्हाच पॅकेज वाचते. एवढ्या एका बदलाने साडेनऊचे तीन सेकंद झाले. दुपारी मॅगिट पहिल्यांदा उघडताना क्षणभर थांबावे लागते, पण त्या वेळी कोणाचे मशीन थांबलेले नसते.

पुढचा भाग कचरा-सफाईचा, म्हणजे वापरून झालेली स्मृती मोकळी करण्याचा. त्यासाठी ईमॅक्सची मूळ मर्यादा 8 लाख बाइटची आहे. नव्याने वापरलेली स्मृती तेवढी झाली की लवकरच काम थांबवून सफाई होते, आणि सुरुवातीच्या धांदलीत ती अनेकदा होते. 2020 सालच्या 27व्या आवृत्तीपासून ‘अर्ली-इनिट.एल’ ही फाइल सर्वांआधी वाचली जाते. तिच्यात ही मर्यादा तात्पुरती वाढवून, ईमॅक्स उघडल्यावर पुन्हा खाली आणावी. अनेक जण ती कायमची प्रचंड वाढवून ठेवतात. ते मला पटत नाही, कारण मग सफाई क्वचित होते, पण झाली की टाइप करता करता पडदा गोठतो. मेनू आणि टूलबार काढायचे असतील तर तेही याच फाइलमध्ये काढावेत, म्हणजे खिडकी आधी रंगवून मग पुसली जात नाही. ‘पॅकेज-क्विकस्टार्ट’ने सर्व पॅकेजांची सुरुवातीची माहिती एकाच फाइलमध्ये येते; जुन्या हार्ड डिस्कवर याचा फरक जाणवला. 28व्या आवृत्तीपासूनच्या नेटिव्ह कंपाइलची, म्हणजे पॅकेजे थेट प्रोसेसरच्या भाषेत बदलून ठेवण्याच्या सोयीची, ख्याती मोठी आहे, परंतु उघडण्याच्या वेळेत मला त्याने फारसे काही मिळाले नाही आणि पहिल्या दिवशी ते काम मागे चालू असताना संगणकाचा पंखा तासभर घरघरत होता.

एवढ्या खटपटीपेक्षा एखादा साधा एडिटर का घेऊ नये, असे मला युनिटमध्येच विचारले गेले. मशीन चालवणाऱ्या अनेक कंट्रोलरवर एक्स 50 (एक्स दिशेचे अंतर) यानंतर दशांशचिन्ह द्यायचे राहिले तर मशीन ते 50 मिलिमीटर न समजता 50 मायक्रॉन समजते आणि टूल भलत्याच जागी उतरते. असा प्रत्येक आकडा लाल दाखवणाऱ्या दहा-बारा ओळी मी स्वतः लिहिल्या आहेत, आणि त्या केवळ मशीनच्या प्रोग्रामची फाइल उघडल्यावरच लोड होतात. ही मोकळीक मला इतरत्र मिळाली नाही. तक्रार एकच आहे : सोबतचे मार्गदर्शन भरपूर असले तरी ते इंग्रजीत आणि विखुरलेले आहे, त्यामुळे ऑपरेटरपैकी कोणाला हे शिकवायचे तर शेजारी बसूनच शिकवावे लागते. आता आमचे ईमॅक्स एका सेकंदाच्या आसपास उघडते आणि वीज आल्यावर मशीन होमिंग, म्हणजे आपल्या मूळ जागी परत जाणे, पूर्ण करेपर्यंत प्रोग्राम पडद्यावर तयार असतो.