डी.एल.एड., बी.एड. की मुक्त विद्यापीठ? सोलापूर जिल्ह्यातील होतकरू शिक्षकांसाठी तुलना

शिक्षक व्हायचे ठरवलेल्या माणसाला सोलापुरात पहिला सल्ला मिळतो तो बहुधा ‘बी.एड. करून टाक’ हा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे, कारण आपल्याला कोणत्या इयत्तांना शिकवायचे आहे, हे ठरवल्याशिवाय स्वस्त काय आणि सोयीचे काय, हे ठरवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता उरलेली नाही. त्या वर्गांसाठी डी.एल.एड., म्हणजे ज्याला आपल्याकडे अजूनही सर्रास डी.एड. म्हटले जाते ती पदविकाच लागते. सहावी ते आठवीसाठी पदवीसोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. यांपैकी काहीही चालते, नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. हवे, तर अकरावी-बारावीसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. आवश्यक असते.

खर्चाच्या दृष्टीने पाहिल्यास बारावी झालेल्यासाठी डी.एल.एड. हा सर्वांत कमी वर्षांचा मार्ग आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून प्रवेश परीक्षा नाही. बारावीच्या गुणांवर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने प्रवेश होतात आणि खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के, तर राखीव प्रवर्गांना ४४.५ टक्के गुण पुरतात. एकेकाळी डी.एड.च्या प्रवेशासाठी नव्वदीच्या आसपासचे गुणही कमी पडत. गेल्या दशकात अनेक अध्यापक विद्यालये बंद पडली आणि उरलेल्यांत जागा रिकाम्या राहू लागल्या. गर्दी ओसरली म्हणून पदविकेचे मोल उतरले, असा अर्थ मात्र काढू नये. पाचवीपर्यंतच्या वर्गांतून बी.एड.धारक बाहेर पडल्यामुळे तिथली स्पर्धा आता केवळ डी.एल.एड.धारकांमध्ये आहे.

बी.एड.चा हिशेब वेगळा आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षे, म्हणजे बारावीनंतर एकूण पाच वर्षे जातात. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५० आणि राखीव प्रवर्गांसाठी ४५ टक्के गुण लागतात, शिवाय राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागते. शहरातील दयानंद आणि कस्तुरबाई ही शिक्षणशास्त्र महाविद्यालये जुनी आणि परिचित आहेत, परंतु महाविद्यालयाच्या नावापेक्षा आपल्याला मिळणारी जागा अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे आधी विचारावे, कारण शुल्कातील खरा फरक तिथे पडतो. विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्याहून अधिक रक्कम कोणी मागितल्यास लेखी पावती मागावी. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात २०२४-२५ पासून पूर्ण माफी मिळते. मात्र त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. घाईने व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांतून, प्रवेश घेणारी मुलगी हा लाभ गमावून बसते.

शुल्काखेरीज बुडणारी रोजची कमाई हा मोठा खर्च असतो आणि त्याची बेरीज फारसे कोणी करत नाही. बस भाड्याची झळ तरी सवलतीच्या विद्यार्थी पासामुळे आणि महिलांच्या अर्ध्या तिकिटामुळे कमी होते. पण एखाद्या कारखान्यात किंवा दुकानात काम करून घर चालवणाऱ्या पदवीधराला दोन वर्षे दिवसा मोकळे राहावे लागते, ही खरी अडचण आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार वर्गातील उपस्थिती ८० टक्के आणि शाळेतील छात्रसेवाकाळात ९० टक्के असणे बंधनकारक आहे. वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात आणि रात्री पाठाचे टाचण लिहिणे, शैक्षणिक साधने तयार करणे हे चालूच राहते. त्यामुळे नियमित डी.एल.एड. किंवा बी.एड. नोकरी सांभाळून होईल, असे गृहीत धरू नये.

नेमक्या याच अडचणीचा फायदा काही मध्यस्थ घेतात. ‘फक्त परीक्षेला या, हजेरीचे आम्ही बघतो’ असे सांगून परजिल्ह्यातील किंवा परराज्यातील महाविद्यालयात नाव नोंदवून देणारे लोक आपल्या भागात आहेत. माझ्या परिचयातील एका पदवीधराने असाच प्रवेश घेतला आणि पैसे भरल्यानंतर महाविद्यालयाच्या मान्यतेची चौकशी सुरू केली. चौकशीचा क्रम उलटा झाल्याने पैसे आणि वर्ष दोन्ही गेले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उपलब्ध असते आणि ती पाहायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

मग लवचिक मार्ग कोणता? दूरशिक्षणाचे बी.एड. आहे, पण ते सर्वांसाठी खुले नाही, आणि बहुतेक गैरसमज इथेच होतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ असो वा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू), दूरशिक्षणाने बी.एड. करण्यासाठी उमेदवार सेवेतील प्रशिक्षित प्राथमिक शिक्षक असावा किंवा त्याने मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण समोरासमोर पूर्ण केलेले असावे, अशी मूळ अट आहे. इग्नूच्या अभ्यासक्रमाचे शुल्क ५५ हजार रुपये असून तो किमान दोन आणि कमाल पाच वर्षांत पूर्ण करता येतो. म्हणजे साध्या पदवीधराला जे दार बंद आहे, ते डी.एल.एड. झालेल्याला उघडते. म्हणून बारावीनंतर पैशांची ओढाताण असलेल्या विद्यार्थ्याने आधी नियमित डी.एल.एड. करावे, मग खासगी शाळेत काम करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यावी आणि त्यानंतर दूरशिक्षणाने बी.एड. करावे, हा क्रम मला सर्वांत परवडणारा वाटतो. एकूण वर्षे अधिक लागतात, परंतु त्यातील दोनच वर्षे पूर्णपणे कमाईविना जातात. ज्याची पदवी आधीच झाली आहे, त्याने मात्र मागे वळून पदविका करायची की सीईटी द्यायची, हे केवळ खर्चावर ठरवू नये. लहान मुलांत रमणारा माणूस आणि एखादा विषय खोलवर शिकवू पाहणारा माणूस यांचे मार्ग वेगळेच असतात.

चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-शिक्षण कार्यक्रम २०२३-२४ पासून देशातील निवडक संस्थांत सुरू झाला आहे. त्यात पदवी आणि प्रशिक्षण एकत्र होऊन एक वर्ष वाचते, पण राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि बाहेरगावी राहण्याची वेळ आली, तर वाचलेल्या वर्षाचा फायदा वसतिगृहाच्या खर्चात जिरतो.

प्रशिक्षणानंतर लगेच नोकरी मिळते, असेही नाही. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे राज्याची टीईटी किंवा केंद्राची सीटीईटी, उत्तीर्ण व्हावे लागते. दीडशे गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात आणि प्रमाणपत्र आता आजीवन ग्राह्य आहे. पुढे भरतीसाठी दोनशे गुणांची अभियोग्यता चाचणी आणि राज्याचे शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल असते. ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये झाली, हे अंतर लक्षात ठेवूनच घरचे नियोजन करावे. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून प्राथमिकला दरमहा १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार रुपये मानधन मिळते.

सोलापूरकरांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या पट्ट्यात कन्नड माध्यमाच्या, तर शहरात उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. घरी कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या उमेदवाराने केवळ जवळ आहे म्हणून मराठी माध्यमाचे अध्यापक विद्यालय निवडण्यापूर्वी, आपण पुढे कोणत्या माध्यमाच्या जागांसाठी पात्र ठरू, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे.