नॅव्हिड्रोम, आठ महिन्यांनंतर: घरच्या लॅपटॉपवरची गाणी फोनवर

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या कपाटामागे एक जुना लॅपटॉप आठ महिने चालू आहे. बिजागरी मोडलेली, की-बोर्डवरच्या तीन-चार की गेलेल्या. भंगारवाला चारशे रुपये द्यायला तयार होता. आता त्यावर नॅव्हिड्रोम, म्हणजे घरची गाणी नेटवर्कवरून ऐकवणारा सर्व्हर, चालतं आणि बाबांच्या कॅसेटी, माझ्या सीड्या, रेडिओवरून भरून घेतलेलं गाणं असं सगळं फोनवर ऐकता येतं. घेऊ का, लावू का असं विचारणाऱ्यांना एकदाच सांगून टाकतो.

लावणं सोपं आहे. सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स. गाण्यांचं फोल्डर दाखवायचं, ब्राउझरमध्ये लॅपटॉपच्या पत्त्यापुढे ४५३३ हा पोर्ट नंबर टाकून पान उघडायचं, युजर बनवायचा. सबसॉनिक नावाच्या अशाच एका म्युझिक सर्व्हरचा एपीआय, म्हणजे अ‍ॅपशी बोलायची पद्धत, ते वापरतं, त्यामुळे सबसॉनिकसाठी बनवलेली फोनवरची बहुतेक अ‍ॅप्स त्याला जोडता येतात. मी सिम्फोनियम वापरतो. फक्त अँड्रॉइडवर आहे, थोडे दिवस फुकट आणि मग एकदाच पैसे. आईच्या फोनवर सबस्ट्रीमर आहे, तिला तेवढं पुरतं. घरच्या वायफायवर पहिल्याच संध्याकाळी गाणं वाजलं आणि मला वाटलं, झालं की काम!

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून उघडलं तर शांतता. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून लॅपटॉपपर्यंत वाट उघडून देणं, करण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. इंटरनेटवाल्याच्या कस्टमर केअरने 'राउटर बंद करून चालू करा' हे तीनदा सांगितलं. शेवटी राउटरच्या पानावरचा इंटरनेटच्या बाजूचा (WAN) पत्ता पाहिला, तो १००.७२ पासून सुरू होत होता. म्हणजे सीजीनॅट. अनेक घरांमागे एकच सार्वजनिक पत्ता, त्यामुळे बाहेरून आपल्या दारापर्यंत कुणी पोचूच शकत नाही. तुम्ही पोर्टच्या मागे लागण्याआधी हे आधी तपासा. टेलस्केल टाकलं आणि प्रश्न मिटला. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं, लॅपटॉप आणि फोन दोन्ही एका खासगी नेटवर्कात येतात, आणि सर्व्हर उघड्यावर ठेवावा लागत नाही हा वरचा फायदा. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये टेलस्केल आणि म्युझिक अ‍ॅप दोन्हींना 'निर्बंध नाही' करून ठेवा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की गाणंही बंद.

डेटाचं म्हणाल तर, बाहेर असताना मी १२८ केबीपीएसचा ओपस हा कमी जागेचा फॉरमॅट लावतो. मूळ फाइल फ्लॅक या मोठ्या, पूर्ण दर्जाच्या फॉरमॅटमध्येच राहते, सर्व्हर पाठवतापाठवता बदलून देतो. तासाला साधारण ५८ एमबी जातात. गाडीतल्या स्पीकरवर मला तरी फरक कळत नाही. मुंबईला जायचं असेल तर मात्र आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवतो, कारण लोणावळा सुटलं की घाटातल्या बोगद्यांत कुठलाच सर्व्हर कामाचा नाही.

खरे महिने गेले ते नावांमध्ये. पहिल्यांदा स्कॅन झालं तेव्हा माझ्याकडे 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतले आणखी दोन, असे पाच वेगळे गायक निघाले. किशोरी आमोणकर चार होत्या. वीस वर्षांपूर्वीच्या काही एमपीथ्रीमध्ये कुणीतरी श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात नावं टाईप केली होती, तिथे नुसती चिन्हांची भेळ दिसायची. देवनागरीत शोधलं की रोमनमधलं सापडत नाही आणि उलटही तेच. मी सगळं देवनागरीत करायचं ठरवलं. पिकार्ड या गाणी ओळखून नावं भरणाऱ्या सॉफ्टवेअरने चित्रपटगीतं पटापट ओळखली, पण कॅसेटीवरून भरलेली बैठक ओळखायला त्याच्याकडे काही नाही. तिचे टॅग, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली गाण्याची नि गायकाची नावं, एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरले, रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास.

एक युक्ती मात्र जमली. जॉनरच्या, म्हणजे संगीतप्रकाराच्या, रकान्यात 'शास्त्रीय' न लिहिता रागाचं नाव लिहिलं. ही सगळी व्यवस्था पॉप अल्बम डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. आपल्याकडे गाणं अल्बमने नाही, रागाने आठवतं. आता आई दुपारी चारच्या चहाला जॉनर उघडते, मुलतानी दाबते, आणि चौघांचा मुलतानी एका खाली एक येतो. तिने तक्रार केली ती शफलची. शफलवर जलद लयीचा द्रुत आधी आणि संथ विलंबित नंतर लागतो. "हे काय, ताट वाढायच्या आधी विडा?" अशा गाण्यांच्या फाइल्स मी जोडून एकच केल्या.

विजेचा हिशेबही लिहितो. आधी जुना डेस्कटॉप लावला होता. मीटर लावून पाहिलं तर नुसता बसून ६० वॅट खायचा, म्हणजे महिन्याला ४३ युनिट. लॅपटॉप १२ वॅटमध्ये भागवतो, नऊच्या आत. शिवाय गुरुवारी लाइट गेली तरी त्याची बॅटरी आहेच. राउटर बंद पडायचा, त्याला तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. सतत चार्जिंगला ठेवलेली बॅटरी फुगू शकते, म्हणून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा.

पाचव्या महिन्यात बाहेरची हार्ड डिस्क टकटक आवाज करत गेली. गाण्यांची दुसरी प्रत होती, म्हणून वाचलो. टॅग मात्र त्या प्रतीत जुनेच होते. सहा आठवड्यांचं काम पुन्हा केलं. आता दर रविवारी प्रत निघते, आपोआप.

कॅसेटी ९० मिनिटांच्या, त्यामुळे ४५ व्या मिनिटाला ऐन तानेत बाजू संपते. दोन बाजूंच्या फाइल्स मी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडल्या, मधली खरखर कापली. तरीही त्या जागी आई चहाचा कप खाली ठेवून उठायला बघते, कॅसेट उलटायला.

अजून चाळीसेक कॅसेटी राहिल्यात. डेकचा बेल्ट सैल झालाय, सगळं अर्ध्या सुराने उतरून वाजतंय. शनिवारी पुन्हा तपकीर गल्लीत जायचं आहे.