घरी असेंबल केलेला डेस्कटॉप: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

फेब्रुवारीत मुलाला सोबत घेऊन आयुष्यातला पहिला डेस्कटॉप घरी असेंबल केला. आता पाऊस पूर्ण ओसरलाय, म्हणून लिहायला बसले. आम्ही माहीमला राहतो, समुद्र अगदी जवळ. अशा ठिकाणी प्रोसेसर किती वेगवान हे नंतर बघावं. आधी वीज, धूळ आणि खारी हवा. पैसे वाटताना हाच क्रम धरला आणि आज तो शंभर टक्के बरोबर वाटतो.

आतला माल असा: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड), ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम (चालू कामाची मेमरी), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (फाइल साठवायला), ५५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा; ८० प्लस ब्राँझ हा कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा) आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. मॉनिटर घरात होताच. बाकी सगळं यूपीएससकट ४०,००० च्या आसपास गेलं. माझं काम डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडण्याचं, मुलाचा अकरावीचा अभ्यास आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग. त्याला सहा कोअर आणि प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरून उरतं. एक मात्र सांगते, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड ज्या मार्गाने जोडतात, तो पीसीआयई या प्रोसेसरमध्ये तिसऱ्या पिढीचाच (३.०) आहे. त्यामुळे जेन ४ (चौथ्या पिढीच्या) एसएसडीचा जादा वेग इथे मिळत नाही. तेवढे पैसे एसएमपीएसमध्ये घाला.

खरेदी मुंबईतल्या संगणकांच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. एका दुकानात "मॅडम, कॅबिनेटसोबत एसएमपीएस फ्री देतो" म्हणून फार आग्रह झाला. नको म्हटलं आणि तिथून निघालो. फुकटचा एसएमपीएस बिघडला तर जाताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो. प्रत्येक वस्तूचं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. असेंबल केलेल्या मशीनला एकच वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते.

जोडणीला एक दुपार पुरली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, लीव्हर उभा करायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. तो आपल्या वजनाने खाली बसतो, दाबायचं अजिबात नाही. एएम४ म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार; त्यात पिना प्रोसेसरलाच असतात, त्या वाकल्या की संपलं. रॅमचं उलटं: तिथे चांगला जोर लावावा लागतो, बोर्ड किंचित लवतो आणि मग 'खट्' आवाज येतो. दोन रॅम असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. नंतर बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० वेगाची रॅम कमी वेगावरच चालत राहते.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलच्या शेवटी मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं, कधी तर फाइल सेव्ह करता करता. बाहेर दाखवलं असतं तर विंडोज नव्याने टाकून दिलं असतं आणि त्रास तसाच राहिला असता. मुलगा म्हणाला, "आई, आधी रॅम बघूया." रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवली. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. मग एकेक रॅम काढून एकाच स्लॉटमध्ये तपासली. एक स्वच्छ, दुसरी सदोष. सर्व्हिस सेंटरने बदलून दिली, पण बरेच आठवडे लावले. तोवर एका रॅमवर काम चालवलं. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे व्हिडिओचं टाइमलाइन अडखळायचं, पण डीटीपी थांबलं नाही. कोणता स्क्रू कुठे आहे हे आपल्या हाताला माहीत असणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. असेंबल करायचं ते यासाठीच. पैसे फार वाचत नाहीत.

अर्थिंगचं कुणी सांगत नाही. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायर असेलच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर दुर्लक्ष करू नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधून होणाऱ्या किंचित गळतीला जमिनीत जायला वाट नसते, म्हणून ती पत्र्यावर येते. आम्ही आधीच इलेक्ट्रिशियनकडून मल्टीमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास व्होल्ट मिळतात का बघून घेतलं. मिळत नव्हते. नवी अर्थिंग वायर ओढली, मगच संगणक लावला.

मे महिन्यात व्हिडिओ एक्सपोर्ट करताना प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरवर (त्याला थंड ठेवणाऱ्या पंख्यावर) प्रोसेसरचं तापमान ऐंशीच्या वर जायचं. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे, तरी कॅबिनेटच्या मागे आणखी एक पंखा बसवल्यावर जीव भांड्यात पडला. जुलै-ऑगस्टमध्ये मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवलं. आत ऊब राहिली की ओल धरत नाही. सप्टेंबरमध्ये उघडलं तेव्हा पुढच्या जाळीवर दमट धुळीचा करडा थर चिकटला होता, ब्लोअरने हलेना, शेवटी जाळी काढून धुतली. मागच्या दोन स्क्रूंवर गंज आलाय. बोर्ड आणि रॅमचे कॉन्टॅक्ट मात्र चकचकीत.

वेळ मोजूनमापून असेल, बिघाड शोधायला घरात कुणी नसेल, तर तयार मशीन घ्या, त्यात काही कमीपणा नाही. आमच्या घरात पुढची मागणी ग्राफिक्स कार्डाची आहे. ५५० वॉटच्या एसएमपीएसला त्याची केबल आहे, कॅबिनेटमध्ये लांबीही बसते. बारावीची परीक्षा झाली की बघू, असं चिरंजीवांना सांगून ठेवलंय.